दोन बाण की तीन? सिकलसेलचे दुखणे आणि 'सति'चा प्रवास

 

सिकलसेल हा रक्ताचा आजार. त्यावर बोलायला डॉक्टर हवा, समुपदेशक हवा. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाचे तिथे काय काम, असा प्रश्न कुणाला पडला असेल तर तो रास्त आहे. आमचे उत्तर एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'वेदना'.

मराठीत वेदना म्हणजे दुखणे, कळ. पण बुद्धवचने ज्या पाली भाषेत जपली गेली, तिच्यात या शब्दाचा अर्थ बराच रुंद आहे. जे जे जाणवते ते सगळे वेदना. सुखाची वेदना, दुःखाची वेदना, आणि धड सुखाचीही नाही धड दुःखाचीही नाही अशी तिसरी. मूळ धातू 'विद्', जाणणे. मराठीने त्यातली एकच बाजू उचलली आणि बाकीच्या सोडून दिल्या. त्यामुळे शरीरात काहीतरी जाणवणे आणि त्या जाणवण्याने माणूस कोलमडणे, या दोन गोष्टी आपण एकाच श्वासात बोलून जातो. त्या वेगळ्या करता येतात का, यावर माणसे अडीच हजार वर्षे विचार करत आली आहेत. आज त्या विचाराला 'माइंडफुलनेस' म्हणतात, मराठीत 'सजगता', आणि तो दवाखान्यात पोचला आहे.

आता खरा प्रश्न. ज्या मुलाला आयुष्यभर पुन्हा पुन्हा कळा येणार आहेत, त्याला 'श्वासाकडे लक्ष दे' असे सांगणे हा आधार आहे की अपमान? आम्हाला वाटते, तो दोन्ही असू शकतो. कोण सांगतो, केव्हा सांगतो, आणि कशाच्या ऐवजी सांगतो, यावर ते ठरते. हे नीट कळायचे तर दोन इतिहास शेजारी ठेवून पाहावे लागतील. एक या आजाराचा, दुसरा या साधनेचा.

आधी आजाराचा.

१९०४ च्या डिसेंबरअखेरीस शिकागोच्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलमध्ये वीस वर्षांचा एक विद्यार्थी दाखल झाला. वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला. अर्नेस्ट आयर्न्स या तिथल्या शिकाऊ डॉक्टरने त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. लाल पेशी एरवी गोल दिसतात. या रक्तात काही पेशी लांबट आणि विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या रुग्णावर निबंध प्रसिद्ध केला. आधुनिक वैद्यकात सिकलसेलचा इतिहास इथून मोजतात. 'सिकल' म्हणजे विळा. 'सिकलसेल ॲनिमिया' हे नाव मात्र १९२२ मध्ये व्हर्न मेसन यांनी दिले.

या निबंधात पेशींचे वर्णन आहे, ताप आहे, खोकला आहे, पायावरच्या व्रणांचे वण आहेत. त्या विद्यार्थ्याचे नाव नाही. वॉल्टर क्लेमेंट नोएल हे ते नाव इतिहासकारांनी कितीतरी दशकांनी शोधून काढले. नोएलने पदवी पुरी केली, मायदेशी जाऊन दंतवैद्याचा व्यवसाय केला, आणि १९१६ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, फुप्फुसाच्या आजाराने तो गेला. परक्या देशात, थंडीच्या दिवसांत, वारंवार आजारी पडताना त्याच्या मनात काय चालले होते, याची नोंद कुठेही नाही. तेव्हा ती कुणी करतही नसे.

पुढची वाटचाल झपाट्याची आहे. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या रुग्णांचे हिमोग्लोबिनच वेगळे असते. 'रेणूचा आजार' ही कल्पना वैद्यकात आली ती या आजारामुळे. १९५६ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो फरक नेमका कुठे आहे ते शोधले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसलेले असते. बस्स, एवढाच फरक. पण प्राणवायू कमी पडला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे ताठ धागे होतात, पेशी वाकते, कडक होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते. रक्त ज्या भागाला पोचत नाही तो भाग आक्रोश करतो. हाडे, सांधे, पाठ, छाती, पोट. याला डॉक्टर 'क्रायसिस' म्हणतात, आणि विदर्भातल्या घरांतही आता तोच शब्द रुळला आहे. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही जेमतेम दहा ते वीस दिवस. म्हणून रक्त कायम कमी, डोळे पिवळसर, थकवा पाठीला चिकटलेला.

पण थांबा. शिकागोच्या आधी हा आजार नव्हता का? होता, आणि त्याला नावेही होती. घानाचे डॉक्टर फेलिक्स कोनोटे-अहुलू यांनी स्वतःच्या घराण्यात हा आजार १६७० पर्यंत मागे शोधत नेला. त्यांनी दाखवून दिले की पश्चिम आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या भाषांत या दुखण्याला फार पूर्वीपासून स्वतंत्र शब्द आहेत. गा भाषेतला शब्द 'च्वेच्वेच्वे' असा काहीसा ऐकू येतो. हाडात पुन्हा पुन्हा उठणारी कळ त्या आवाजातच आहे. शिकागोने नाव दिले ते पेशीच्या आकारावरून. आफ्रिकेने दिले ते माणसाच्या सोसण्यावरून.

त्याच भूमीत दुसरीही एक समजूत होती. नायजेरियातले इग्बो लोक 'ओग्बांजे' म्हणतात, योरुबा लोक 'अबिकू' म्हणतात; म्हणजे आईला छळायला पुन्हा पुन्हा जन्म घेऊन लहानपणीच मरणारे मूल. या समजुतीमागे बऱ्याच वेळा सिकलसेल असावा, असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे बघा, मूल दुखण्याने तळमळते आहे आणि त्यालाच सांगितले जाते आहे की तू मुद्दाम येतोस आणि जातोस. कळ शरीरात होती. दोष माणसांनी त्यावर वरून ठेवला. हा मुद्दा मनात राहू द्या, पुढे लागणार आहे.

आता भारतात येऊ. १९५२ मध्ये लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये सिकलसेलचा गुण आढळल्याची नोंद केली. त्याच वर्षी वरच्या आसामातल्या चहामळ्यांच्या मजुरांमध्येही तो आढळला. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी या नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. आज महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया आणि इकडे सातपुड्याच्या कुशीतला नंदुरबार या भागांत हा आजार घराघरांत ठाऊक आहे. आदिवासींमध्ये आहे, विदर्भातल्या बौद्ध समाजात आहे, इतर काही जातींतही आहे.

याचे कारण जातीत नाही, डासात आहे. १९५४ मध्ये ॲलिसन यांनी दाखवले की सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेले असेल, तर तो माणूस आजारी पडत नाहीच, उलट जीवघेण्या मलेरियापासून त्याला काही संरक्षण मिळते. जिथे शतकानुशतके मलेरिया होता, तिथे हे जनुक टिकून राहिले. अशा माणसाला 'वाहक' म्हणतात, आपल्याकडे बोलताना 'एएस पॅटर्न'. दोन्ही पालकांकडून ते आले तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. पूर्वजांना ज्याने वाचवले तेच नातवंडाला छळते. यात कुणाचेही पाप नाही. तरीही 'माझ्यामुळे झाले' ही बोच आईबापांच्या मनातून जात नाही. आमच्या विषयाला खरी सुरुवात इथून होते.

या आजाराचा मनावरचा भार कसला असतो? कळ तर आहेच. पण कळ येऊन गेल्यावरची, पुढची कळ यायच्या आधीची जी जागा असते, तिथे तो भार साठतो. परीक्षा तोंडावर आली, या वेळी क्रायसिस येईल का? पावसात भिजलो, रात्री काय होईल? दिसायला मुलगा धडधाकट. मग शिक्षक म्हणतात, ढोंग करतो. वाढ जरा खुंटलेली. मग मुले चिडवतात. मुलगी असेल तर लग्नाची बोलणी रक्ताच्या कागदापाशी येऊन थबकतात. आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट म्हणजे दुखणे सिद्ध करावे लागणे. हाड मोडले तर क्ष-किरणात दिसते. ही कळ कुठल्या यंत्रात दिसत नाही. रुग्ण म्हणतो 'दहापैकी दहा' आणि समोरचा त्याच्या चेहऱ्याकडे बघून मनात वजाबाकी करतो.

अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २३२ प्रौढ रुग्णांनी रोजच्या रोज डायरी लिहिली. असे दिसले की नोंदवलेल्या दिवसांपैकी निम्म्याहून अधिक दिवस दुखण्याचे होते. सुमारे २९ टक्के रुग्णांना तर जवळजवळ रोजच दुखत होते. यातले बहुतेक दुखणे घरीच सोसले गेले; दवाखान्यापर्यंत फार थोडे आले. म्हणजे वैद्यकाच्या पुस्तकात जो आजार 'अधूनमधून येणारा क्रायसिस' म्हणून लिहिलेला होता, तो रुग्णाच्या घरात रोजचा होता. दवाखान्याला जे दिसते तेवढेच त्याच्या कागदावर येते. उरलेले दिवस कुणाचे? त्या दिवसांसाठी वैद्यकाकडे फारसे काही नव्हते. सजगतेची साधना इथे कामाला येते.

तेव्हा आता दुसऱ्या इतिहासाकडे वळू.

पाली शब्द आहे 'सति', ऱ्हस्व इकार. आपल्याकडच्या दीर्घ 'सती'शी त्याचा संबंध नाही. संस्कृतात 'स्मृती'. पण नुसती आठवण असा त्याचा अर्थ नाही. समोर जे चालले आहे त्याचे भान न सुटणे, असा आहे. 'सतिपट्ठान' सुत्तात हे भान चार ठिकाणी ठेवायला सांगितले आहे: काया, वेदना, चित्त आणि धम्म. यादीत दुसरे नाव वेदनेचे आहे, हे लक्षात घ्या. वेदना घालवायला तिथे सांगितलेले नाही, ओळखायला सांगितले आहे. ही सुखद, ही दुःखद, ही दोन्ही नाही. ही आली, ही गेली.

संयुत्त निकायात एक दृष्टान्त आहे. एका माणसाला बाण लागतो, आणि लगेच त्यालाच दुसरा बाण लागतो. पहिला बाण शरीराच्या दुखण्याचा. दुसरा त्या दुखण्यावर मन जे रचते त्याचा: शोक, धसका, चिडचिड, 'माझ्याच वाट्याला का'. अडाणी माणसाला दोन्ही लागतात, शिकलेल्या साधकाला एकच. या दृष्टान्तात पहिला बाण लागत नाही असे कुठेही म्हटलेले नाही. साधकालाही तो लागतो आणि दुखतो. खुद्द बुद्धांची पाठ दुखत असे. आपण आडवे होत पुढचे प्रवचन शिष्यावर सोपवल्याचे प्रसंग सुत्तांत आहेत. तेव्हा 'ध्यान केले की दुखायचे थांबते' असे जो सांगतो, तो मूळ वचनाहून जास्त सांगतो आहे.

हा शब्द इंग्रजीत 'माइंडफुलनेस' झाला १८८१ मध्ये. ऱ्हिस डेव्हिड्स हे सिलोनमध्ये सरकारी नोकरीत असताना पाली शिकले आणि पुढे बुद्धसुत्तांचे भाषांतर करताना त्यांनी 'सति'ला हा प्रतिशब्द वापरला. त्यानंतरच्या पिढीत आपल्याकडचे एक नाव येते, धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या सांखवाळ गावचा हा माणूस बुद्धाच्या शोधात घर सोडून नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असा हिंडला, पाली शिकला, आणि ते ज्ञान मराठीत घेऊन आला. १९१० मध्ये कोसंबी अमेरिकेत हार्वर्डला गेले ते 'विसुद्धिमग्ग' या ध्यानमार्गाच्या थोर ग्रंथाच्या संपादनाला मदत करायला. त्याच वर्षी त्याच देशात हेरिक यांचा विळ्याच्या पेशींवरचा निबंध छापला जात होता. या दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती. हे दोन धागे जुळायला पुढे शंभर वर्षे लागायची होती.

मधला एक दुवा ब्रह्मदेशातला आहे. तिथे विसाव्या शतकात ध्यान मठातून बाहेर पडून गृहस्थांपर्यंत आले. ऊ बा खिन हे सरकारी हिशेबखात्यातले मोठे अधिकारी. नोकरी सांभाळून ते विपश्यना शिकवत. १९५५ मध्ये त्यांच्याकडे सत्यनारायण गोएंका नावाचे एक तरुण व्यापारी आले. त्यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास होता. त्यावर मॉर्फीनची इंजेक्शने चालू होती, आणि डॉक्टरांना भीती होती की मॉर्फीनची सवय जडेल. परदेशांतले उपचारही करून झाले होते. गोएंका स्वतः सांगत की गुरूंनी त्यांना आधी नकार दिला. नुसती डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, असे त्या नकारामागचे म्हणणे होते. मन निर्मळ करायला या. डोकेदुखीचे काय व्हायचे ते ओघात होईल. पुढे हेच गोएंका १९६९ मध्ये भारतात आले, मुंबईत त्यांनी पहिले शिबिर घेतले, आणि १९७६ पासून नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र सुरू झाले.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७९ मध्ये, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जॉन कबाट-झिन यांनी नेमका उलटा दरवाजा उघडला. ते म्हणाले, दुखणे घेऊनच या. गंमत अशी की या माणसाची डॉक्टरेट रेणुजीवशास्त्रातली. ज्या शास्त्राने सिकलसेलचे कोडे सोडवले, त्याच शास्त्रातून तो आलेला. त्यांनी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधला: श्वासावर लक्ष, अंगाच्या एकेका भागावरून लक्ष फिरवणे, सावकाश योगासने. धर्माची भाषा बाजूला ठेवली. त्यांच्याकडे येणारे पुष्कळ लोक जुनाट दुखण्याचे होते, ज्यांना इतर विभागांनी 'आता याहून काही करता येण्यासारखे नाही' असे सांगून टाकलेले. १९८२ मध्ये त्यांनी अशा ५१ रुग्णांवरचा आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. ऊ बा खिन यांना जे दुय्यम वाटत होते, ते इथे दारावरची पाटी झाले. यात काही हरवले का? आमच्या मते हरवले. शील, संघ, मुक्तीचे ध्येय, एवढे सगळे वजा झाले. मिळाले काय? ज्याला मुक्ती नको आहे, फक्त आजची रात्र काढायची आहे, अशा माणसापुढे दार उघडले. हे लहान काम नव्हे.

आणि आता दोन धागे जुळतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी गेल्या दशकात सिकलसेलच्या प्रौढ रुग्णांसाठी सहा सत्रांचा सजगतेचा कार्यक्रम तयार केला. तो त्यांनी टेलिफोनवरून दिला, कारण ज्याचे पाय आज चालतील की नाही याची खात्री नाही त्याला दर आठवड्याला वर्गात बोलावणे व्यर्थ. अभ्यास लहान होता. त्यांनी मुख्यतः मोजले ते दुखण्याविषयीचे विनाशाचे विचार: 'हे आता थांबणारच नाही', 'मला हे झेपणार नाही', 'याच्यापुढे मी काहीच करू शकत नाही'. कार्यक्रम घेतलेल्यांमध्ये असे विचार कमी झालेले दिसले. आमच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी दुसरा बाण मोजला. पेशी वाकायची ती वाकतेच. वाकलेल्या पेशीभोवती मनाने जो घेर घातलेला असतो, तो थोडा सैल होतो.

प्रत्यक्षात माणूस करतो काय? फार काही नाही. रोज दहापंधरा मिनिटे बसतो, किंवा आडवा होतो. श्वास आत येतो, बाहेर जातो, ते पाहतो. मग पावलापासून लक्ष वर आणत जातो. गुडघ्यात ठणका असेल तर तिथे थांबतो. ठणका आहे, तापल्यासारखा आहे, मध्ये जास्त, कडेला कमी. इतक्यात मन म्हणते, 'गेल्या वेळी असेच सुरू झाले होते, आता पुन्हा ॲडमिट.' तेव्हा तो ओळखतो: हा ठणका नव्हे, हा विचार. विचाराशी भांडत नाही. पुन्हा श्वासाकडे येतो. एवढेच. पण हे चांगल्या दिवसांत शिकावे लागते. ऐन क्रायसिसमध्ये पहिल्यांदा ध्यानाला बसवणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. आणि कुणाला डोळे मिटून आत पाहिल्यावर जास्तच घाबरायला होत असेल, तर त्याने ते सोडून द्यावे. डोळे उघडे ठेवून चालावे, कुणाशी बोलावे. साधना सक्तीची नसते.

एवढे सांगून थांबलो असतो तर व्याख्यान गोड झाले असते. पण शीर्षकात आपण प्रश्न विचारला आहे, दोन बाण की तीन? बुद्धांच्या दृष्टान्तात दोन आहेत. सिकलसेलचा इतिहास वाचताना आम्हाला तिसरा दिसतो, आणि तो रुग्णाच्या मनातून सुटलेला नसतो. तो बाहेरून येतो. 'ओग्बांजे' म्हणणारा गाव आठवा. 'ढोंग करतो' म्हणणारा मास्तर आठवा.

अमेरिकेतली गोष्ट घ्या. तिथे हा आजार मुख्यतः कृष्णवर्णीयांत. कित्येक दशके त्याकडे दुर्लक्ष झाले. १९७१ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाने वस्त्यांमध्ये जाऊन स्वतः रक्ततपासण्या सुरू केल्या. १९७२ मध्ये राष्ट्रीय कायदा झाला, पैसा आला. पण तपासणीबरोबर समजावून सांगणे आले नाही. वाहक आणि रुग्ण यांत गल्लत झाली. ठणठणीत वाहकांना विमा नाकारला गेला, नोकऱ्या नाकारल्या गेल्या. हवाई दलाच्या प्रबोधिनीत वाहकांना १९८१ पर्यंत प्रवेश नव्हता. आणि तातडीच्या विभागात कळवळत आलेल्या काळ्या तरुणाने मॉर्फीन मागितले की त्याच्याकडे व्यसनी म्हणून बघितले जाई. ही तक्रार रुग्ण आजही करतात. आता अशा तरुणाला कुणी म्हणाले, 'बाबा रे, दुःख तुझ्या मनात आहे, श्वासाकडे बघ', तर काय होईल? तिसरा बाण मारणाऱ्याच्याच हातात दुसऱ्या बाणाचे तत्त्वज्ञान दिल्यासारखे होईल.

आपल्याकडे वेगळे काय आहे? १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फीन ठेवणे दवाखान्यांना इतके किचकट झाले की पुष्कळांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वाट सोपी झाली, पण लहान गावांपर्यंत ती सवय पोचायला वेळ लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, ही मोठी गोष्ट. २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ चे उद्दिष्ट आहे, सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले गेले. हे हवेच होते. पण तत्त्वज्ञानाचा माणूस शब्दांपाशी अडखळतो. 'निर्मूलन' हा शब्द चौदा वर्षांच्या एसएस मुलीच्या कानाने ऐकून बघा. आजाराचे निर्मूलन की माझ्यासारख्यांचे, असे तिच्या मनात आले तर तिची चूक नाही. तपासणीचे कार्ड हातात देणाऱ्याने पाच मिनिटे तिच्याशी बोलणे, हा त्या अभियानाचाच भाग धरला पाहिजे.

इथे नागपूरचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षाभूमीवर लाखो अनुयायांसह बुद्धधम्म स्वीकारला. दीड वर्षाच्या आत त्याच शहरातल्या डॉक्टरांचा सिकलसेलवरचा लेख छापून आला. म्हणजे ज्या घरांत बुद्ध आले, त्यांतल्या काही घरांत हे दुखणे आधीपासून होते. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात त्यांनी चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीवरच प्रश्न उभा केला आहे. दुःखाचे मूळ फक्त माणसाच्या तृष्णेत शोधणे त्यांना पुरेसे वाटले नाही. माणूस माणसाला जे दुःख देतो, विषमतेने, शोषणाने, त्याचा निरास हे त्यांनी धम्माचे काम मानले. म्हणजे तिसऱ्या बाणाचा विचार बुद्धाच्या घरात झालेला आहे, आणि तो मराठी मुलखात झालेला आहे. सजगता शिकवणाऱ्याने इगतपुरीकडून शिकावे तसे दीक्षाभूमीकडूनही शिकावे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

मग कोणत्या बाणावर काय? पहिल्या बाणावर औषध. लहान मुलांना पेनिसिलिन, लसी, भरपूर पाणी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया, ज्याने क्रायसिस कमी होतात हे १९९५ मध्ये सिद्ध झाले, आणि कळ आली की वेदनाशामक, ताबडतोब. अमेरिकन रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेची २०२० ची शिफारस आहे की तातडीच्या विभागात आल्यापासून एका तासाच्या आत दुखण्यावर औषध मिळाले पाहिजे. ताप, छातीत दुखणे, धाप, अचानक हातापायातली शक्ती जाणे, बोबडी वळणे, यांपैकी काही झाले तर ध्यान नको, गाडी काढा. तिसऱ्या बाणावर माहिती, कायदा आणि माणुसकी. यांच्या मधला जो दुसरा बाण, तो तेवढा सजगतेचा. डायरीतल्या त्या निम्म्या दिवसांत, घरी, एकट्याने सोसताना, तो निघू शकतो. तेवढे काम ती प्रामाणिकपणे करते. त्याहून जास्त काम तिच्यावर लादू नये, आणि त्याहून कमीही तिला समजू नये.

हा क्रम आम्ही पदरचा सांगत नाही. विनयपिटकात, महावग्गात, एक प्रसंग आहे. एका भिक्खूला अतिसार झालेला. तो स्वतःच्या घाणीत पडून आहे. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे बघत नाहीत, कारण त्याचा त्यांना काही उपयोग नाही. बुद्ध आणि आनंद तिथे येतात. बुद्ध आनंदाला पाणी आणायला पाठवतात. एकजण पाणी ओततो, दुसरा धुतो. दोघे मिळून त्याला उचलून अंथरुणावर ठेवतात. त्या वेळी त्या भिक्खूला ध्यानाचा उपदेश केल्याचा उल्लेख नाही. उपदेश मिळतो तो बाकीच्या निरोग्यांना: इथे तुम्हाला आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी, असा त्या बोलण्याचा आशय आहे.

त्याच्या पुढेच चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण दिले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. काय सोसेल, काय सोसणार नाही, हे त्याला कळावे. त्याने लोभाने नव्हे, प्रेमाने करावे. घाण काढायची त्याला किळस नसावी. आणि पाचवा गुण, त्याला वेळोवेळी धम्माच्या गोष्टी सांगून आजाऱ्याचे मन उभारता यावे. औषध पहिले आहे, मन उभारणे पाचवे आहे. पण ते यादीत आहे.